उलटीचा बंदोबस्त आणि स्टेरॉइडची मुदत

निपाणी, चिकोडी, संकेश्वर किंवा खानापूर या पट्ट्यातील एखाद्या घरात कर्करोगाचे निदान होऊन डॉक्टरांनी केमोचे नाव काढले, की रोग हटेल की नाही या मुख्य प्रश्नाच्याही आधी घरातील वडीलधारी माणसे बहुधा विचारतात ते हे, की उलट्या फार होतील काय. या प्रश्नाला भित्रेपणा म्हणून हसण्याचे कारण नाही, कारण त्यामागे एका सबंध पिढीची आठवण उभी आहे. ज्यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपल्या चुलत्याला किंवा आत्याला उपचारासाठी मिरजेस अथवा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात नेले, त्यांना औषधाचे नाव आज सांगता येत नसले, तरी खाटेखालचे भांडे, रात्रभर चाललेले कोरडे उमासे आणि काही झाले तरी पुढची बाटली लावून घ्यायची नाही हा रुग्णाचा हट्ट मात्र लख्ख आठवतो. आणि ते औषध पुष्कळदा सिस्प्लॅटिन हेच असे.

या मुलखाशी सिस्प्लॅटिनचा संबंध दूरचा नाही. ज्या विडीच्या तंबाखूवर निपाणीची पेठ उभी राहिली आणि ज्या तंबाखूच्या वखारींत येथील हजारो स्त्रियांनी आपली हयात घालविली, त्याच तंबाखूच्या सेवनाने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. आणि या कर्करोगावर किरणोपचार देताना त्यांच्या जोडीस जे औषध सर्वत्र दिले जाते ते सिस्प्लॅटिनच होय. 1965 साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंवर विद्युत्क्षेत्राचा काय परिणाम होतो ते पाहत असता, जिवाणूंचे विभाजन विजेमुळे नव्हे, तर प्लॅटिनमच्या विद्युद्‌द्वारांपासून द्रवात उतरलेल्या संयुगांमुळे थांबते, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्या निरीक्षणातूनच 1978 साली हे औषध अमेरिकेत अधिकृतपणे वापरात आले. गुण मोठा, पण दोषही तितकाच मोठा: प्रतिबंधक औषध न देता सिस्प्लॅटिन दिले, तर शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्णांना उलट्या होतात. कर्करोगावरील औषधांची उलटीच्या दृष्टीने जी प्रतवारी लावलेली आहे, तिच्यात ते अगदी वरच्या वर्गात बसते. स्तनाच्या कर्करोगासाठी दिली जाणारी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडीही त्याच वर्गात मोडते.

उलटी ही पोटाची तक्रार आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः पोट हे केवळ हुकूम बजावणारे आहे आणि हुकूम सुटतो तो मेंदूच्या मागील भागातून. औषध रक्तात उतरले, की लहान आतड्याच्या अस्तरातील काही विशिष्ट पेशी दुखावून सेरोटोनिन नावाचे द्रव्य बाहेर टाकतात. ते द्रव्य तेथील मज्जातंतूंच्या टोकांना चेतविते आणि ती वर्दी वरती मेंदूपर्यंत जाऊन पोहोचते. पहिल्या चोवीस तासांतील उलटी मुख्यतः या मार्गाने येते. त्यानंतर मात्र सूत्रे बदलतात, आणि 'सब्स्टन्स पी' या नावाचे दुसरेच द्रव्य प्रत्यक्ष मेंदूत आपला प्रभाव दाखवू लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत जी मळमळ रेंगाळते तिला पहिल्या दिवसाचे औषध पुरे पडत नाही. यांखेरीज उलटीचा एक तिसरा प्रकार आहे, आणि तो सर्वांत दुर्दैवी म्हटला पाहिजे: पहिल्या फेरीत ज्याचे फार हाल झाले, त्याला पुढच्या वेळी रुग्णालयाचा जिना चढतानाच, स्पिरिटचा वास नाकाशी येताच, औषधाचा थेंबही अंगात गेलेला नसताना उलटी होते. पहिल्या फेरीचा बंदोबस्त चोख असावा असा तज्ज्ञांचा जो आग्रह असतो, त्याचे कारण हे आहे. उलटी रोखण्यासाठी जे स्टेरॉइड दिले जाते, ते कमी करण्याच्या उत्साहात याचा विसर पडता कामा नये.

सर्वांना हा त्रास सारखा होत नाही. स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा अधिक होतो, तरुणांना वृद्धांपेक्षा अधिक होतो. जिला गरोदरपणी ओकाऱ्यांनी हैराण केले होते तिला अधिक होतो. आणि आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट चढताना ज्याला हमखास गाडी लागते त्यालाही अधिक होतो. उलट, वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्या माणसाला तो कमी होतो, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या दृष्टीने कितीही गैरसोयीची असली, तरी शास्त्रीय निरीक्षणांत ती वारंवार आढळून आलेली आहे.

निपाणीकरांना 1981 हे साल शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनासाठी आणि त्या वर्षीच्या एप्रिलमधील गोळीबारासाठी स्मरते. त्याच साली, या भागाचे नावही ज्यांच्या कानी गेले नसेल अशा दोन ठिकाणी, केमोच्या उलटीसंबंधी दोन महत्त्वाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्राला यांनी मेटोक्लोप्रामाइड हे जुनेच औषध मोठ्या मात्रेत दिल्यास सिस्प्लॅटिनची उलटी आटोक्यात येते असे दाखविले, आणि ॲरिझोनातील मात्ती आप्रो व डेव्हिड ॲल्बर्ट्स यांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा त्याच कामी उपयोग होतो असे नोंदविले. डेक्सामेथासोन नेमके कोणत्या मार्गाने उलटी थांबविते, हे आजतागायत पूर्णपणे उलगडलेले नाही. पण ते थांबविते यात शंका राहिली नाही, ते स्वस्त होते, गावोगावच्या औषधदुकानांत मिळत होते, आणि म्हणून ते उलटीच्या बंदोबस्तात जे रुजू झाले ते कायमचेच. पुढे 1991 मध्ये सेरोटोनिनची वाट अडविणारे ऑन्डान्सेट्रॉन आले, 2003 मध्ये 'सब्स्टन्स पी'ला रोखणारे अप्रेपिटंट आले, आणि त्याच वर्षी ज्याचा अंमल शरीरात कित्येक दिवस टिकतो असे पॅलोनोसेट्रॉन आले. नवी औषधे आली तरी जुने हटले नाही. पहिल्या दिवशी 12 मिलिग्रॅम आणि दुसऱ्या दिवसापासून चौथ्यापर्यंत रोज 8 मिलिग्रॅम, असा डेक्सामेथासोनचा शिरस्ता पडून गेला.

या आकड्यांचा अर्थ लहान वाटतो, कारण गोळी लहान असते. परंतु आपल्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी दिवसाकाठी जे नैसर्गिक स्टेरॉइड निर्माण करतात ते सुमारे 10 ते 20 मिलिग्रॅम असते, आणि डेक्सामेथासोनचा पाऊण मिलिग्रॅम हा त्या नैसर्गिक द्रव्याच्या 20 मिलिग्रॅमच्या बरोबरीचा धरला जातो. म्हणजे 12 मिलिग्रॅमची ती एक मात्रा 320 मिलिग्रॅमच्या तोलाची झाली. एक-दोन दिवसांपुरते हे शरीर निमूटपणे सोसते. पण केमोच्या फेऱ्या चार असतात, सहा असतात, कधी आठ असतात, प्रत्येक फेरीस चार दिवस धरले तर त्या चार दिवसांची बेरीज होत जाते, आणि मग मराठ्यांच्या इतिहासातील तैनाती फौजेची आठवण होते: शत्रूचा बंदोबस्त करण्यासाठी ती बोलावली खरी, परंतु काम आटोपल्यावर ती निघून गेली नाही आणि तिचा खर्च मात्र दरबाराला भागवावा लागला.

तो खर्च कसा पडतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. डे केअर विभागातून संध्याकाळी घरी सोडताना हातात जी चिठ्ठी पडते, तिच्यावर चार-पाच औषधांच्या ओळी असतात, आणि त्यांतील एक ओळ 'डेक्सा 4 मि.ग्रॅ., दोन गोळ्या, सकाळी जेवणानंतर, तीन दिवस' अशी असते. पहिल्या रात्री झोप येत नाही. दमलेली, दिवसभर सलाईन लावून घेतलेली बाई मध्यरात्री दोन वाजता उठून स्वयंपाकघरातील भांड्यांची फळी आवरू लागते, आणि घरच्यांना वाटते की औषध मानवले, अंगात बळ आले. दुसऱ्या दिवशी चेहरा लालसर दिसतो, भूक खवळते, छातीत जळजळते, आणि ज्या कारणाने चिडू नये त्या कारणाने ती चिडते. पुरुषांच्या बाबतीत उचकीची एक वेगळीच पीडा असते. उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढीत आहे अशी आपल्याकडे समजूत आहे, परंतु सिस्प्लॅटिन घेतलेल्या माणसाची दोन-दोन दिवस न थांबणारी उचकी ही पुष्कळदा डेक्सामेथासोनने काढलेली आठवण असते. मग गोळ्या संपतात, आणि पाचव्या दिवशी ते उसने बळ एकाएकी ओसरून अंग मोडून येते, सांधे दुखतात, उठवत नाही. घरचे म्हणतात केमोने खचली, आणि त्या खचण्यात स्टेरॉइड एकदम थांबल्याचाही वाटा असतो हे कोणाच्या लक्षात येत नाही. 2006 साली टोरांटो येथील डॉक्टरांनी या गोळ्या घेणाऱ्या 60 रुग्णांची पद्धतशीर विचारपूस केली, तेव्हा 45 टक्के रुग्णांनी निद्रानाशाची तक्रार सांगितली आणि 27 टक्क्यांनी अस्वस्थतेची. विचारले म्हणून सांगितले; एरवी इतक्या मोठ्या आजारात झोपेची तक्रार करणे रुग्णाला स्वतःलाच क्षुल्लक वाटते.

साखरेचा प्रश्न याहून गंभीर आहे. बेळगाव जिल्हा हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा खरा, पण येथे मी म्हणतो ती साखर रक्तातली. मधुमेह ज्यांना आधीपासून आहे त्यांची साखर स्टेरॉइडने भडकते, आणि ज्यांना तो असल्याचे ठाऊकच नव्हते त्यांचा तो उघडकीस येतो. यात एक खोच अशी आहे, की सकाळी घेतलेल्या डेक्सामेथासोनचा साखरेवरील परिणाम दुपारच्या जेवणानंतर आणि सायंकाळी शिगेला पोहोचतो, रात्री तो काहीसा उतरतो, आणि सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर पुष्कळदा समाधानकारक निघते. तेव्हा उपाशीपोटीच्या एका आकड्यावर विसंबून राहणारे कुटुंब निर्धास्त राहते आणि त्याच घरात दुपारी चार वाजता तीच साखर तीनशेच्या वर गेलेली असू शकते. केमोने पांढऱ्या पेशी आधीच घटलेल्या, त्यांत वाढलेली साखर आणि वर स्टेरॉइड, असा योग जुळून आला तर जंतुसंसर्गाला दार मोकळे होते. ही भीती पुस्तकी नाही. 2021च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली काळी बुरशी, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ज्या वेगाने दिसून आली, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही दोन मोठी कारणे होती. ज्या देशात क्षयाचे जंतू असंख्य लोकांच्या शरीरात निद्रिस्त पडून असतात, त्या देशाने स्टेरॉइडचे दिवस मोजून वापरावेत हे सांगायला तज्ज्ञाची गरज पडू नये.

मग कमी करावयाचे कोणते दिवस? पहिला नव्हे. वादाचा विषय आहेत दुसरा, तिसरा आणि चौथा हे तीन दिवस, आणि याच तीन दिवसांवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत बारकाईने काम झाले. 2010 साली आप्रो यांनीच, ज्यांनी 1981 मध्ये डेक्सामेथासोनचा पुरस्कार केला होता त्यांनीच, स्तनाच्या कर्करोगाच्या 300 रुग्णांत असे दाखविले, की पॅलोनोसेट्रॉन दिले असता डेक्सामेथासोन केवळ पहिल्या दिवशी दिले काय आणि तीन दिवस दिले काय, उलटीच्या नियंत्रणात सांगण्यासारखा फरक पडत नाही. ज्याने एखाद्या औषधाची शिफारस केली त्यानेच तीस वर्षांनी त्याची मात्रा छाटण्याचा पुरावा गोळा करावा, हे वैद्यकात दिसते त्याहून अधिक वेळा दिसावयास हवे. इटलीत मिलानच्या लुईजी चेलिओ यांनी हाच धागा पुढे नेला. जपानमध्ये 396 रुग्णांवर एक दिवस विरुद्ध तीन दिवस अशी तुलना करून 2018 मध्ये एक दिवसाची पद्धत कमी पडत नाही असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइडच्या बाबतीत, 'सब्स्टन्स पी'ला रोखणारे औषध आणि ऑन्डान्सेट्रॉनच्या वर्गातील औषध जोडीस असेल तर स्टेरॉइड पहिल्या दिवसापुरते पुरे, हा आता मार्गदर्शक नियमांतच दाखल झालेला मुद्दा आहे. 2020 साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या नियमांत ही गोष्ट स्पष्ट आहे.

सिस्प्लॅटिनच्या बाबतीत मात्र हात जरा आखडता घ्यावा लागतो. त्याची उशिराची उलटी चिवट असते, आणि त्या 2020च्या नियमांत सिस्प्लॅटिनसाठी चार दिवसांचे स्टेरॉइड कायम ठेवले आहे. चेलिओ यांनी 2021 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 228 रुग्णांत सिस्प्लॅटिनबरोबरही एका दिवसाची पद्धत चालते असे दाखविले खरे, परंतु तेथे नेटुपिटंट आणि पॅलोनोसेट्रॉन ही नव्या पिढीची जोडी वापरलेली होती, आणि ज्या रुग्णाला ती परवडत नाही किंवा मिळत नाही त्याच्या चिठ्ठीतून केवळ स्टेरॉइड खोडून टाकणे म्हणजे नवा पहारेकरी न नेमता जुन्याला बडतर्फ करणे होय.

येथेच मुंबईचे काम उपयोगी पडते, आणि ते ज्यांच्यासाठी झाले त्यांच्यासारखीच माणसे या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातही आहेत. ओलान्झापिन हे औषध मूळचे मनोविकारांसाठीचे, आणि म्हणून औषधदुकानातील मुलाने ते ओळखून 'ही डोक्याची गोळी आहे' असे सांगितले की नातेवाईक बिचकतात. परंतु ते उलटीच्या अनेक वाटा एकाच वेळी अडविते, आणि विशेष म्हणजे उलटीबरोबर मळमळही कमी करते; उलटी थांबली तरी मळमळ राहते ही इतर औषधांची जुनी उणीव होती. 2016 साली अमेरिकेत 380 रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, नेहमीच्या औषधांत ओलान्झापिनची भर घातली असता पाचही दिवस अजिबात मळमळ न झालेल्यांचे प्रमाण 22 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर गेले. मात्र 10 मिलिग्रॅमच्या त्या मात्रेने रुग्ण दिवसभर पेंगत. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. ज्योती बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले, की एवढी मात्रा हवीच कशाला. आणि 2024 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे मूळ मात्रेचा चौथा हिस्सा, उलटी रोखण्यात तितकाच समर्थ ठरला. पूर्ण नियंत्रण एका गटात 45 टक्के, दुसऱ्यात 44 टक्के. पण दिवसाची पेंग जिथे मोठ्या मात्रेच्या गटात 90 टक्क्यांना आली, तिथे लहान मात्रेच्या गटात ती 65 टक्क्यांवर उतरली आणि तीव्र पेंग तर फारच थोड्यांना आली. हा प्रयोग स्टेरॉइड कमी करण्याचा नव्हता, तेव्हा त्याच्या नावावर तसा दावा करू नये. पण स्टेरॉइडचे दिवस कमी करावयाचे असतील तर त्यांची जागा भरून काढणारी, स्वस्त आणि सोसवेल अशी गोळी कोणती, याचे उत्तर त्यातून मिळते. शिवाय ती रात्री घ्यावयाची असल्यामुळे, डेक्सामेथासोनने पळविलेली झोप ती काही अंशी परत आणते. वृद्ध रुग्ण रात्री उठताना तोल जाऊन पडू नये एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

आता जो इशारा दिल्यावाचून हा लेख घातक ठरेल, तो असा. केमोच्या चिठ्ठीतील प्रत्येक स्टेरॉइड उलटीसाठी नसते. पॅक्लिटॅक्सेल देण्यापूर्वी ते ॲलर्जीची प्रतिक्रिया टळावी म्हणून देतात. डोसेटॅक्सेलबरोबर अंगात पाणी साठू नये म्हणून देतात. मेंदूत गाठ असेल तर सूज उतरावी म्हणून देतात. आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगात तर प्रेडनिसोलोन हा मूळ उपचाराचाच भाग असतो. 'स्टेरॉइड वाईट' एवढेच ऐकून एखाद्याने ही गोळी आपल्या अखत्यारीत बंद केली, तर तो उलटीपेक्षा मोठ्या संकटास निमंत्रण देईल. गोळीचे दिवस कमी करणे हे डॉक्टरांचे काम आहे. रुग्णाचे काम, ते कमी करता येतील काय, असे विचारण्याचे.

सीमाभागात हे विचारणे जरा अवघड होते, कारण उपचार एका ठिकाणी आणि घर दुसऱ्या राज्यात अशी पुष्कळांची स्थिती असते. बेळगावात केएलई संस्थेचे कर्करोग रुग्णालय जानेवारी 2025 मध्ये सुरू झाले, त्यापूर्वीही आणि आजही निपाणीकडचा रुग्ण कोल्हापूर वा मिरज गाठतो, खानापूरकडचा हुबळीकडे वळतो. महाराष्ट्र शासनाने 2023 साली सीमाभागातील 865 गावांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. त्या वादाची सरकारी दफ्तरे कितीही जाड असोत, तिसऱ्या दिवशी रात्री नव्वदीच्या वर नाडी आणि कोरडा पडलेला घसा घेऊन रुग्ण ज्या गावच्या डॉक्टरकडे जातो, त्या डॉक्टरला कोल्हापुरात काय दिले गेले हे चिठ्ठीवरूनच कळावे लागते. म्हणून डेक्साच्या ओळीपुढे तो उलटीसाठी आहे की ॲलर्जीसाठी, आणि कोणत्या तारखेस थांबवावयाचा, हे दोन शब्द लिहून घ्यावेत. मधुमेह असल्यास तो आधीच सांगावा आणि साखर त्या दिवसांत दुपारी जेवणानंतरही तपासावी. आणि दुसऱ्या फेरीसाठी सलाईन लावण्यापूर्वी, पहिल्या पाच दिवसांचे एक साधे टिपण डॉक्टरांपुढे ठेवावे: कोणत्या दिवशी मळमळ, किती वेळा उलटी, रात्री किती तास झोप, चार वाजता साखर किती. त्या पाच ओळींवरून पुढच्या फेरीत डेक्साचा एकच दिवस ठेवायचा, की चारही ठेवून जोडीस ओलान्झापिन द्यायचे, हे ठरविता येते.